बत्तिशीचा दगड

माझा साडू कुणालाही भेटला की आधी दात बघतो, मग चेहरा. सासऱ्यांना तो पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा ते त्याला पगार विचारत होते, घरदार विचारत होते, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेला. शेवटी म्हणाला, "तुमची वरची कवळी सैल आहे." पुढच्या आठवड्यात नवी करून घेऊन आला. सासऱ्यांनी धाकटी मुलगी त्याला दिली ती त्या कवळीच्या जोरावर, असं मी आजही म्हणतो आणि आमची ही आजही माझ्यावर डोळे वटारते. थोरली मला कशाच्या जोरावर दिली, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तो दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर माप घेतात, हा दात बनवतो. कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, सगळं. त्याला बत्तिशी हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण विजेचं बिल सोडलं तर त्याचं खरं नाव आता कुठेच उरलेलं नाही. मी फरशा बसवतो. वयाने मी मोठा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. तो मला अहो-जाहो करतो आणि साडूभाऊ म्हणतो.

त्याचं कामाचं ठिकाण म्हणजे घराची मागची खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवखा माणूस आत गेला की दोन पावलं मागे यायचा. खिडकीशी टेबल, टेबलाला पोटाशी एक उथळ खण. सोन्याची टोपी घासताना उडालेला कण अन् कण त्या खणात पडायचा. ओतकामाचे साचेसुद्धा हा फेकायचा नाही. भाजून दगड झालेले ते साचे कोपऱ्यातल्या लोखंडी खलबत्त्यात कुटायचे, त्यातला सोन्याचा चुरा वेगळा काढायचा आणि गाळणाऱ्याकडे पाठवायचा, असा त्या धंद्याचा रिवाज. खोलीचा केरसुद्धा तो धाकटीला काढू द्यायचा नाही. "त्यात माल असतो," म्हणायचा.

पुढे डॉक्टरांकडे यंत्रं आली. पडद्यावर दाताचं चित्र काढायचं, बटण दाबायचं, तासाभरात दात तयार. बत्तिशीकडे येणारे मापांचे डबे कमी होत गेले आणि एक दिवस एकही आला नाही. त्यानंतरही तो रोज सकाळी एप्रन बांधून मागच्या खोलीत जाऊन बसायचा. रिकामं टेबल पुसायचा. धाकटी चहा नेऊन ठेवायची आणि बाहेर यायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी तिकडे जाणंच कमी केलं.

मग त्याने कुठेतरी बघितलं की हौशी लोक ओढ्या-नाल्यांतून सोनं शोधतात. झालं! आमच्या शहराबाहेर टेकडी आहे, तिच्या पोटात कधीकाळी खाण होती. आता ती बंद आहे. खालच्या ओढ्यात हातोडी आणि पाटी घेऊन कुणीही गेलं तरी कुणी हटकत नाही. हा जायला लागला.

पहिल्या दिवशी बाटलीभर वाळू घेऊन थेट माझ्या कामावर हजर. मी गुडघ्यावर बसून न्हाणीघराची फरशी लावतोय आणि हा डोक्यावर उभा. "साडूभाऊ, हे बघा." वाळू चमचम करत होती.

"अरे, हे अभ्रक. आमच्या ग्रॅनाइटमध्ये पोत्याने असतं."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पण सोडेल तो बत्तिशी कसला. पुढच्या खेपेला पिवळाधमक खडा आणला, कोपरे सुरीने कापल्यासारखे. या वेळी मीही जरा चाट पडलो, खोटं कशाला बोलू? त्यानेच स्वतः सुई घेतली आणि खड्यावर दाबली. खडा टचकन फुटला. "सोनं असतं तर सुई रुतली असती," तो म्हणाला. "सोनं मऊ असतं. हे खोटं." आणि खिशातून दुसरा काढला!

हळूहळू तो तयार झाला. चमकणारा दगड आधी सावलीत न्यायचा. खोटा सावलीत विझतो, खरा तसाच पिवळा राहतो. मग फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासायचा. खऱ्याची रेघ पिवळी उमटते, खोट्याची हिरवट काळी. त्यासाठी मी त्याला पांढऱ्या फुटक्या फरशांचं खोकं दिलं. या उद्योगातलं माझं भांडवल तेवढंच. दगड निवडायलाही तो शिकला. गोरीपान गारगोटी हातात धरायचा नाही. गंजाचे डाग पडलेली, भोकाभोकांची, कुणीही लाथाडून पुढे जाईल अशी गारगोटी त्याला हवी असायची. त्या भोकांत पूर्वी खोटं सोनं होतं, ते कुजून वाहून गेलं, आणि खरं असेलच तर तिथेच अडकून राहिलं असेल, असा त्याचा हिशेब. मी म्हणायचो, "बत्तिशी, तुला किडकेच लागतात बघ." तो हसायचा. खूप दिवसांनी हसायला लागला होता, म्हणून मीही मुद्दाम चिडवायचो.

धाकटीला मात्र हसू येत नव्हतं. गच्चीत दगड, जिन्यात दगड, न्हाणीत दगड. तेही तिने खपवून घेतलं असतं. पण त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, दूरच्या शहरात असते. तिला मुलगी झाली होती आणि थोड्याच दिवसांत तिला कामावर परत जायचं होतं. ती रोज फोनवर म्हणायची, आई, तुम्ही दोघं इकडेच या, कायमचे या. धाकटीचा जीव तिकडे लागला होता. फोनवर नातीचा आवाज आला की ती गॅस बंद करून ऐकत उभी राहायची.

आणि बत्तिशी हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. विषय निघाला की हातोडी उचलायचा.

शेवटी एक दिवस आमच्याच घरी, जेवता जेवता, धाकटीचा बांध फुटला. "या दगडांपायी आपण इथे अडकून पडलोय!"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "ठीक आहे. उन्हाळा संपेपर्यंत बघतो. तोवर सोनं नाही सापडलं, तर घराला कुलूप लावून येतो तुझ्याबरोबर. एक शब्द बोलणार नाही."

"आणि सापडलं तर?"

"सापडलं तर इथून हलायचं नाही. तूही शब्द बोलायचा नाहीस."

धाकटी लगेच हो म्हणाली. का नाही म्हणणार? तिला त्या टेकडीत सोनं असण्याची जितकी खात्री होती, तितकीच माझ्या टकलावर केस उगवण्याची होती. आमच्या हिने मला साक्षीदार केलं. मीही मोठ्या तोऱ्यात मान डोलावली. हा काय पोरखेळ चाललाय, असं त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

उन्हाळा सरत आला. धाकटीने मोठी बॅग माळ्यावरून काढली, नातीची झबली शिवून तिच्यात रचली. शेजारणींचा निरोपही घ्यायला लागली. आणि एका दुपारी बत्तिशीचा फोन आला. "साडूभाऊ, या." एवढंच बोलला.

आम्ही दोघं गेलो. मागच्या खोलीत टेबलावर पसरट थाळी, थाळीत पाणी, पाण्याखाली काळी वाळू आणि वाळूच्या कडेला पिवळे कण. बारीक होते, पण नुसत्या डोळ्यांना दिसत होते. डागाळलेली गारगोटी त्याने पहिल्यांदाच खलबत्त्यात पिठासारखी कुटली होती आणि थाळीत घालून हलवत, गोल फिरवत, हलकं हलकं सगळं पाण्याबरोबर सोडून दिलं होतं. जड तेवढं तळाशी राहिलं होतं. आमच्या देखत त्याने लोहचुंबक फिरवून काळी वाळू उचलली. कण राहिले. सुईचं टोक एकावर दाबलं. टोक रुतलं, कण चपटा झाला, फुटला नाही. टेबलाखाली सावलीत धरला, तसाच पिवळा. त्याच्याकडे धंद्यातलं तेजाब होतं, त्याचा थेंब टाकला. काही झालं नाही. अभ्रक नाही, खोटं नाही, पितळ नाही.

"सोनं आहे रे!" मी ओरडलोच. त्याला मिठी मारली. आमच्या हिचे डोळे पाणावले. मला खरोखर आनंद झाला होता, आपल्याच घरात कुणी शर्यत जिंकल्यासारखा. बत्तिशी मात्र फारसा उड्याबिड्या मारत नव्हता. स्वभावच तसा, म्हणून मी सोडून दिलं.

धाकटी दारात उभी होती. तिने सगळं बघितलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने मुलीला फोन लावला. "आमचं नाही जमणार गं," आम्हाला ऐकू आलं. "तू दुसरी कुणी बाई बघ बाळाला." मुलगी तिकडून बराच वेळ बोलत असावी. धाकटी फक्त "हो," "हो" म्हणत होती. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागली. झबली तिने दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवून दिली. शब्दाला जागली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर बत्तिशीने आणखी दगड कुटले. आमच्या बाजूच्या उतारावरचा दगड, सोनं. ओढ्याच्या पलीकडचा, सोनं. जुन्या खाणीच्या तोंडाशी पडलेला, सोनं. दरवेळी चार-पाच कण, दरवेळी तेवढेच. मी फरशीवाला माणूस. मला वाटलं, अख्खी टेकडीच सोन्याची दिसते.

पुढे एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो चहा आणायला आत गेला. मला आली लहर. माझ्याच दिलेल्या खोक्यातला फरशीचा तुकडा घेतला आणि खलबत्त्यात घालून कुटायला लागलो. तो कप घेऊन आला तसं मी म्हटलं, "बत्तिशी, तुझ्या टेकडीत सोनं, मग माझ्या न्हाणीघरांनी काय घोडं मारलंय? बघू तर!" त्याने कप टेबलावर ठेवले. मला वाटलं हसेल. "राहू द्या," तो म्हणाला. "उगाच हात दुखतील." मी कसला ऐकतोय? कुटून पीठ केलं, थाळीत घातलं, त्याच्यासारखीच थाळी गोल फिरवली. पांढरं पाणी सांडून सांडून नितळ झालं आणि मी बघतो तर काय, तळाशी पिवळे कण. चार-पाच.

मी आधी खो खो हसलो. माझी फरशी कारखान्यात भट्टीतून निघालेली, तिच्यात कुठलं आलंय सोनं? मग हसू आपोआप थांबलं. मी खलबत्ता उजेडाकडे तिरपा केला. वर्षानुवर्षं साचे कुटून कुटून त्याच्या तळाला खड्डे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. गारगोटी लोखंडाहून कडक. तिने ते खड्डे खरवडले की आत दडलेला टोप्यांचा चुरा सुटून वर येत होता. माझ्या फरशीनेही तेच केलं होतं. इतके दिवस आम्ही लोकांच्या दाढांचं सोनं टेकडीच्या नावावर जमा करत होतो.

"अरे बाबा," मी म्हटलं, "घोटाळा झाला. तुझ्या कसा नाही लक्षात आला?"

तो खिडकीबाहेर बघत होता. चकित झालेल्या माणसाचा चेहरा मला कळतो. हा चकित झालेला नव्हता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"रंगावरून कळतं हो. टोपीच्या सोन्यात तांबं असतं, चांदी असते. जन्मभर तोच रंग बघितलाय. भिंगाखाली तर माझ्याच कानशीचे ओरखडे दिसतात."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्हाला फोन करायच्या आधी."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोललो. "ती बाई तुझ्यासमोर पोरीला नाही म्हणाली! तुझ्या तोंडाला काय दातखीळ बसली होती?" तो ऐकून घेत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "तिकडे मी कोण, साडूभाऊ? तिला तिकडे काम आहे. नात आहे, पोर आहे, स्वयंपाकघर आहे. मी सोफ्यावर बसलेला म्हातारा. कुणी आलं की पाय आखडून घ्यायचे. इथे निदान माझी खोली आहे."

"मग हे तिला सांगायचं होतंस."

"हे कसं सांगणार?"

"ते मला माहीत नाही. पण खलबत्त्याचं तू सांगतोस की मी सांगू?"

"तुम्ही नका," तो म्हणाला. "मी सांगतो."

आणि सांगितलं त्याने, लगेच, माझ्यासमोर. धाकटी टेबलाशी मटार सोलत होती. तो तिच्यासमोर बसला आणि खलबत्ता, चुरा, फरशी, सगळं क्रमाने सांगितलं. एखाद्या डॉक्टरला काम समजावून सांगावं तसं. तिची बोटं शेंगा सोलत राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"मी फोन केला त्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

तिने हातातली शेंग पुरी सोलली. दाणे भांड्यात टाकले, टरफलं कागदात गुंडाळली, हात धुतले. मग आत जाऊन बॅग काढली. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दारात जाऊन उभा राहिला. "मी येतो," म्हणाला. "ठरलं होतं तसं. कुलूप लावून येतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला इथे राहायचं होतं ना? राहा."

दोन दिवसांनी मी तिला माझ्या टेम्पोतून बसगाड्यांच्या तळावर सोडायला गेलो. मागे फरशीची खोकी, त्यांच्यात तिची एकुलती एक बॅग. बत्तिशी फाटकापर्यंत आला होता. बॅग त्यानेच चढवली, दोरीने बांधली, गाठ दोनदा तपासली आणि "पोचलीस की कळव" एवढंच म्हणाला. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "भावोजी, एकदा 'नको जाऊस' म्हणाले असते ना, तर मी राहिले असते. चार दिवस रडले असते आणि राहिले असते. पैज कशाला लावायची? मी काय परकी होते?"

मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

तळावर गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. मी थांबतो म्हटलं तर तिने ऐकलं नाही. "तुम्ही जा, त्यांच्याजवळ बसा जरा," म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या."

मी परत आलो. बत्तिशी बाहेरच्या खोलीत बसला होता. मी चप्पल काढायच्या आत त्याने विचारलं, "काही म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग माझा फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. "गाडी अजून तळावरच आहे. लाव फोन आणि म्हण."

त्याने फोन हातात घेतला. शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली. परत पुसली. मी समोर उभा होतो.

"मी म्हटलं आणि तरी ती गेली तर?"

"तर गेली. पण एकदा म्हणून बघ."

तो फोनकडे बघत बसला. मी आत जाऊन कालचं काही उरलंय का बघितलं, गरम केलं, ताट करून आणलं. ताट त्याच्यासमोर ठेवलं. फोन त्याच्या हातात तसाच होता.

"सुटली असेल ना आता गाडी?" त्याने विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं. "सुटली," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, आणि फोन मला परत दिला.